जुन्या जीपचा मागचा आस

लातूरहून एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. अक्षर वळणदार, भाषा नेटकी, आणि विषय मात्र असा कीं या सदरांत तो कधीं येईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. त्यांच्या घरीं सासऱ्यांनीं १९७१ सालीं घेतलेली एक जीप आहे. सासरे जाऊन बरींच वर्षें लोटलीं. शेताच्या वांटण्या झाल्या, वाड्याचा पुढील सोपा पडला आणि पुन्हां उभा राहिला. जीप तेवढी अविभक्त राहिली. तिघा बंधूंचा तिजवर सारखा हक्क आहे, आणि सामाईक वस्तूंचें होतें तेंच होऊन तिच्या खर्चावर मात्र कोणीच हक्क सांगत नाहीं.

भगिनींचे थोरले चिरंजीव यंत्रविद्या शिकून नुकतेच घरीं परतले आहेत. जीपचा मागचा आस समूळ काढावा आणि भंगारांत निघालेल्या एखाद्या नव्या गाडीचा आस आणून त्या जागीं बसवावा, असें त्यांच्या मनानें घेतलें आहे. थोरले काका म्हणतात, त्यापेक्षां गाडीच मोडींत काढा. आजींचें म्हणणें, ‘यांच्या हातची गाडी आहे, तिला हात लावूं नका’. आणि महिन्यांतून एकदां डोळे दाखवावयास त्या नांदेडला येतात त्या ह्याच गाडींतून. भगिनी विचारतात, ‘मुलास अडवावें कीं त्याच्या पाठीवर हात ठेवावा? मिस्त्री म्हणतो, आस बदलला कीं गाडी पांखरासारखी उडेल. मला त्या उडण्याचीच धास्ती वाटते.’

धास्ती वाटण्याजोगी गोष्ट या प्रकरणांत आहे खरी. परंतु भगिनी समजतात तेवढीच ती नव्हे. उडण्यापेक्षां निराळी व अधिक मोठी धास्ती त्या जीपच्या मागच्या चाकांपाशीं आजही बसलेली असण्याचा संभव आहे, आणि तिच्याविषयीं पत्रांत एक अक्षर नाहीं. म्हणून हा विषय थोडा मुळापासून सांगणें प्राप्त आहे. आम्हीं आयुष्यभर मुलांकडून रूपें आणि समास घोटून घेतले. यंत्रांशीं आमचा संबंध सायकलीच्या पंपापलीकडे नव्हता. परंतु नांदेडास आमच्या घराच्या भिंतीला लागून एका शीख मिस्त्र्यांचें गॅरेज आहे. निवृत्तीनंतर आमच्या दुपारी बहुधा त्यांच्या बांकावर जातात, आणि ‘मास्तरसाब’ म्हणून हांक मारून ते आम्हांस उघडलेलें यंत्र दाखवितात. पुढील मजकुरांतील बरेंचसें ज्ञान त्या बांकावरचें आहे. हिशेब तेवढे आमचे.

आस म्हणजे संस्कृतांतील अक्ष. कोणी त्याला आख म्हणतात, कोणी कणा. (आस हा शब्द स्त्रीलिंगी झाला म्हणजे त्याचा अर्थ आशा होतो, चिरंजीवांच्या मनांत दोन्ही लिंगें एकत्र आलीं आहेत असें दिसतें.) बैलगाडीचा आस आपणां सर्वांस ठाऊक आहे. देवणी ही लातूर जिल्ह्यांतील आणि कंधार हें नांदेड जिल्ह्यांतील. दोन्ही गांवांनीं आपलें नांव बैलांच्या जातींस दिलें, तेव्हां देवणी आणि लाल कंधारी बैलांच्या या प्रदेशांत गाडीची ओळख कोणास करून द्यावी? त्या गाडीचा आस स्वतः फिरत नाहीं. तो जागच्या जागीं राहून भार सोसतो आणि चाकें त्याच्या भोंवतीं फिरतात. चाक निसटूं नये म्हणून आसाच्या टोकास एक खीळ घातलेली असते. कैकेयीनें रणांत रथाच्या चाकाशीं हात घालून दशरथास तारिलें, ही कीर्तनांतली कथा त्याच जागेची. वैदिक भाषेंत ह्या खिळीला ‘आणि’ असें म्हणत. आपल्या मराठी ‘आणि’शीं तिचें नातें नाहीं, परंतु दोन वस्तूंना धरून ठेवण्याचें काम दोघांचेंही आहे, हें वर्गांत सांगितलें म्हणजे मुलें हंसत.

आस किती भार सोसूं शकतो हें आधीं पाहावें आणि गाडी मागाहून रचावी, हा नियम लातूरकरांच्या दारावरूनच एकदां गेलेला आहे. १९११ सालीं लातुरास पोंचलेली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची. तिचे कर्ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं असें ठरवून सारी गाडी त्या मापाला बसविली, आणि म्हणूनच हलक्या रुळांवर ती वर्षानुवर्षें धांवली. आतां ते रूळ जाऊन रुंद रूळ आले. असो.

मोटारीच्या मागच्या आसाला बैलगाडीच्या आसाहून एक काम जास्त आहे. त्याला भारही सोसावा लागतो आणि चाकेंही फिरवावीं लागतात. पोलादी नळीसारखें एक आडवें घर असतें, त्याच्या पोटांत भोपळ्यासारखा फुगवटा. इंजिनाकडून लांब फिरता दांडा येतो, त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकाचें लहान दांतेरी चाक म्हणजे पिनियन. तें भोपळ्यांतील मोठ्या दांतेरी चाकास, म्हणजे क्राऊनला, फिरवितें. आणि क्राऊनपासून डावीउजवीकडे दोन अर्धे दांडे निघून चाकांपर्यंत जातात. मध्यें आणखी एक खुबीची योजना असते. प्रभातफेरी कोपऱ्यावर वळली म्हणजे बाहेरच्या रांगेंतल्या मुलांस लांब ढांगा टाकाव्या लागतात आणि आंतल्या रांगेंतली मुलें जवळजवळ जागच्या जागीं पावलें आपटतात. गाडीच्या दोन चाकांचेंही वळणावर तसेंच होतें. एकच अखंड दांडा असता तर एक चाक रस्त्यावर घांसत गेलें असतें. ही अडचण दूर करणारी दांतेरी चाकांची रचना पेकर नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८२७ सालीं वाफेच्या गाडीकरितां योजिली. तिलाच डिफरन्शियल म्हणतात.

आतां चिरंजीवांच्या हेतूकडे वळूं. जुन्या विलीज धर्तीच्या जीपमध्यें क्राऊनला ४३ दांते आणि पिनियनला ८. भागाकार केला तर ५.३८ येतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे पांच पूर्णांक आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक एवढे फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. ही जीप महिंद्र कंपनीनें चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईस जुळविण्यास आरंभ केला, आणि तिची मूळ जात युद्धावरची. चिखलांतून ओझें ओढावें, चढ चढावा, नांगरटीच्या रानांतून जावें, यासाठीं तो आंकडा आहे, धांवण्यासाठीं नव्हे.

हिशेब करून पाहावा. सोळा इंची चाकावरील जुन्या टायरचा व्यास अठ्ठावीस इंच धरला तर परीघ सव्वादोन मीटरांच्या किंचित आंत येतो. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास १००० मीटर. तेवढ्यांत चाकाचे सुमारें ४५० फेरे होतात. वरच्या गिअरांत इंजिनाचा आणि प्रोपेलर शाफ्टचा फेरा एकच असतो, म्हणून इंजिनास मिनिटाला २४०० फेरे घ्यावे लागतात. ताशीं ८० ला तेच ३२०० होतात, आणि इंजिन आक्रोश करूं लागतें. नव्या गाडीच्या आसाचें प्रमाण ४.१० असलें तर ताशीं ८० ला अवघे २४५० फेरे पुरतात, आणि पूर्वीच्याच ३२०० फेऱ्यांत गाडी ताशीं १०५ ला जाऊन पोंचते. मिस्त्र्याचें पांखरूं तें हेंच. तो खोटें बोलत नाहीं.

हा छंद मूळचा अमेरिकेंतील. कॅलिफोर्नियांतल्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर, दुसऱ्या महायुद्धापूर्वींच, तेथील तरुण जुन्या फोर्ड गाड्या घेऊन वेगाच्या शर्यती लावीत. १९३२ सालच्या फोर्डमध्यें आठ नळकांड्यांचें इंजिन आलें तेव्हांपासून तर ती गाडी त्यांची आवडती झाली. परंतु इंजिनाची शक्ति वाढवीत गेल्यावर मागचा आस पुरेना. दांते झडूं लागले, दांडे मुरगळूं लागले. मग जुन्या देहाखालीं नव्या गाडीचा आस घालण्याची रीत पडली. फोर्डनें १९५७ सालीं काढलेला नऊ इंची क्राऊनचा आस तर त्यांच्यांत प्रमाणभूत ठरला; कारण त्यांतील दांतेरी चाकांचा सगळा गड्डा समोरून काढतां येतो आणि थोडक्या वेळांत दुसऱ्या प्रमाणाचा बसवितां येतो. अशा गाड्यांना तेथें स्ट्रीट रॉड म्हणतात. आपल्याकडे बत्तीसची फोर्ड कोठून आणावी? म्हणून आमच्या तरुणांनीं जीप धरली. त्यांत वाईट मानण्यासारखें कांहीं नाहीं. एक लक्ष्यांत ठेवावें, कीं अमेरिकेंतील त्या तरुणानें इंजिनाचें बळ आधीं वाढविलें आणि तें सोसण्यासाठीं आस बदलला. आमचे चिरंजीव बळ तेवढेंच ठेवून आस बदलूं पाहतात. हा उलटा न्याय झाला.

कारण फेरे वांचले ते फुकट वांचत नाहींत. ५.३८ च्या जागीं ४.१० आले कीं चाकापाशीं पोंचणारा ओढीचा जोर जवळजवळ पाव हिस्सा कमी होतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर यांवरून लातूरपर्यंतचा रस्ता दीडशे किलोमीटरांच्या आंतबाहेर. तो बालाघाटाच्या पठारावर चढतो. सहा माणसें, आजींची वळकटी आणि लग्नाचें सामान घेऊन त्या चढावर पूर्वीं जेथें वरचा गिअर चाले तेथें आतां खालचा घालावा लागेल, आणि वांचविलेले फेरे तेथेंच परत द्यावे लागतील.

दुसरें, वेगाचा कांटा. या जीपमध्यें कांट्याची तार मागच्या आसापासून नव्हे, तर त्याच्या अलीकडील गिअरपेटीपासून निघते. आस बदलला तरी कांट्यास तें ठाऊक नसतें. तो ताशीं ६० दाखवील तेव्हां गाडी खरोखर ताशीं ७९ च्या जवळ असेल. आणि गाडी थांबविण्यासाठीं ब्रेकला जी शक्ति गिळावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ६० चे ७९ झाले कीं ती पावणेदोनपटीच्या घरांत जाते. आजी मागें बसून सुनेला विचारणार, ‘किती वेगानें चालवतोय ग?’ सून वांकून पाहणार आणि प्रामाणिकपणें सांगणार, ‘साठ आहे, आई.’ आमच्या मतें या सगळ्या बेतांतील हें सर्वांत वाईट कलम होय. कांट्यांतील लहान दांतेरी चाक बदलून तो पुन्हां खरा करतां येतो. पण हें काम शेवटीं राहतें, आणि शेवटचें काम बहुधा होत नाहीं.

तिसरें, जीपला पुढचाही आस चालता असतो. चिखलांत चारही चाकें जोडलीं आणि मागचें प्रमाण ४.१०, पुढचें मात्र ५.३८ राहिलें, तर पुढचीं व मागचीं चाकें एकाच रस्त्यावर निरनिराळ्या वेगानें चालूं पाहतात. एका जुवाखालीं दोन चालींचे बैल. चिखलांत घसरून कसेंबसें निभावेल. कोरड्या सडकेवर मधल्या गिअरपेटीचे दांते किंवा दांड्याचा सांधा, कोणी तरी एक जाणार. म्हणजे मागचा बदलला तर पुढचाही बदला, नाहीं तर चार चाकांची सोय कायमची सोडा. एका आसाचा खर्च धरून बसलेल्या काकांच्या कानांवर हें घातलें पाहिजे.

येथवर आमचा कल चिरंजीवांच्या विरुद्ध दिसला असेल. परंतु त्यांच्या पत्रांत (आईच्या पत्रासोबत त्यांनींही एक चिटोरें जोडलें आहे) एक वाक्य आहे, त्यानें आम्ही थबकलों. ते लिहितात, ‘मागच्या डाव्या चाकाच्या ड्रममधून तेल पाझरतें आणि गाडी उचलतांना टक् असा आवाज येतो.’ वेगाच्या गोष्टींत हें एक वाक्य दडून गेलें आहे. आणि सर्व प्रकरणाचा गाभा आमच्या मतें तेथें आहे.

मागच्या आसाच्या दोन जाती असतात. मालमोटारींत चाकाचा भार बाहेरील नळीच घेते. चाक तिजवर दोन बेअरिंगांवर बसतें आणि आंतला दांडा केवळ फिरविण्याचें काम करतो. तो मोडला तर गाडी थांबते, इतकेंच. चाक जागेवर राहतें. मिस्त्री याला फुल फ्लोट म्हणतात. दुसऱ्या जातींत चाक त्या फिरत्या दांड्याच्या टोकावरच बसविलेलें असतें. तोच फिरवितो, तोच भार उचलतो. हा हाफ फ्लोट. येथें दांडा बेअरिंगाच्या बाहेर मोडला तर चाक ड्रमासकट निघून रस्त्यानें चालूं लागतें, आणि गाडी त्या बाजूस बसते. युद्धावरच्या विलीज जीपचा मागचा आस पहिल्या जातीचा होता. लढाई संपून नागरी जीप निघाली तेव्हां लवकरच दुसऱ्या जातीचा आला, कारण तो स्वस्त व हलका. सैनिकांस जें दिलें तें गृहस्थांस दिलें नाहीं, असा याचा अर्थ कोणी काढल्यास आम्ही त्याच्याशीं वाद घालणार नाहीं.

त्या जुन्या हाफ फ्लोट दांड्याचें टोक गाजरासारखें निमुळतें असतें. त्यावर चाकाचा तुंबा घट्ट बसतो. तो फिरूं नये म्हणून दांड्यांत एक उभी खांच पाडून तींत चावी घातलेली असते, आणि बाहेरून मोठा नट आवळून त्यांतून पिन ओंवलेली असते. नट किंचित सैल राहिला कीं तुंबा प्रत्येक उचलीला केसभर हलतो, सारा झटका चावीवर येतो, आणि खांचेच्या कोपऱ्यांत बारीक चीर पडूं लागते. ती दिसत नाहीं. पन्नास वर्षांत कितीदां तो नट काढला, कितीदां हातोडीनें ठोकला, कोण सांगेल? टक् असा आवाज हा त्या हालचालीचा असूं शकतो. प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसचाही असूं शकतो. क्रॉसचा असला तर किरकोळ आहे. पहिला असला तर आजींना त्या गाडींत बसवूं नये. तेल पाझरणें हेंही साधें नव्हे. दांड्याचें बेअरिंग खिळखिळें झालें कीं सील कापलें जातें, आणि तेल ब्रेकच्या लायनरवर उतरून तें चाक ब्रेक धरीनासें होतें.

म्हणून भगिनींनीं मुलास अडवूं नये, आधीं त्याला दोन्ही चाकें काढावयास लावावें. दांडे बाहेर काढून रॉकेलनें स्वच्छ धुवावे. बाजारांत चीर तपासण्याचें लाल द्रव मिळतें. तें लावून थोडा वेळ ठेवावें, पुसावें, आणि वर पांढरी भुकटी फवारावी. चीर असली तर तिच्यांत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघेसारखा उमटतो. आम्हीं हा प्रयोग समक्ष पाहिला आहे. ज्या दांड्यास मिस्त्र्यांनीं बोटानें चांचपून ‘अच्छा है’ म्हटलें होतें, त्यावर पाव मिनिटांत खांचेच्या कोपऱ्यापासून तिरकी लाल रेघ उठली, आणि गॅरेजांतले सगळे गप्प झाले.

चीर निघाली, किंवा नळीच वांकली असली, किंवा क्राऊनचे दांते झडले असले, तर आस बदलणें हा छंद राहत नाहीं. तें कर्तव्य होतें. प्रश्न उरतो कोणता घालावयाचा. येथें कायदा आड येतो, आणि आमच्या मतें योग्य जागीं आड येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं नोंदणीपुस्तकांतील तपशील निर्मात्यानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार धन्यानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तोच अर्थ ठामपणें सांगितला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा गैर फेरफारास प्रत्येकीं पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिली आहे. झिजलेल्या भागाच्या जागीं त्याच जातीचा भाग घालणें ही दुरुस्ती होय. निराळ्या गाडीचा, निराळ्या रुंदीचा, निराळ्या प्रमाणाचा आस घालणें हा फेरफार होय. ज्यांस शंका असेल त्यांनीं काम करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारावें. अपघात झाल्यावर विमा कंपनी तो प्रश्न विचारणारच आहे.

आणखी एक गोष्ट घरांत कोणाच्या लक्ष्यांत आलेली दिसत नाहीं. २०२१ च्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. तिला निराळी नंबरपाटी मिळते. सांगाडा, देह अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. १९७१ ची जीप त्या वयांत बसते. मात्र तशी नोंदलेली गाडी नित्याच्या येण्याजाण्यास वापरतां येत नाहीं, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडील फेऱ्या बंद. आजींच्या इच्छेस हा मार्ग जवळचा, आजींच्या सोयीस दूरचा. तो निर्णय कुटुंबानें करावा. परंतु परका आस घालून मूळ स्वरूप एकदां मोडल्यावर निवड करावयास कांहीं उरत नाहीं, एवढें त्यापूर्वीं समजून असावें.

आमचें मत विचारलें आहे तर असें. त्याच जातीचा, ४३ आणि ८ दांत्यांचाच आस मिळवावा. सबंध न मिळाल्यास नवे दांडे, नवीं बेअरिंगें, नवीं सीलें घालून मूळचाच उभा करावा. काम चिरंजीवांनीं स्वतः करावें, मिस्त्र्यांच्या देखरेखीखालीं. त्यांना गाडी उडवावयाची होती. ती न उडतांही त्यांना शिकावयास पुष्कळ मिळेल.

कामाचा क्रम आम्हीं पाहिला तो थोडक्यांत देतों. या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागें प्रोपेलर शाफ्टवर असतो, हें प्रथम ध्यानांत धरावें. एक मागचें चाक जॅकनें उचललें कीं डिफरन्शियलमुळें दुसरें चाक मोकळें होतें आणि ओढलेला हँडब्रेक गाडी धरूं शकत नाहीं. प्रोपेलर शाफ्ट सोडविल्यावर तर तो नसल्यासारखाच. म्हणून पुढच्या चाकांस दोन्ही अंगांनीं दगड लावल्यावांचून गाडीस हात लावूं नये, आणि टेकू सांगाड्याखालीं द्यावेत, जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. मग प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, पाट्यांचे यू-बोल्ट या क्रमानें आस सुटतो. वजन पुष्कळ असतें. दोघांचें काम आहे. नवा बसवितांना पाट्याच्या मधल्या बोल्टाचें डोकें आसाच्या बैठकींतील भोंकांत नीट बसलें पाहिजे, एरव्हीं आस तिरका राहून गाडी खेंकड्यासारखी चालते. निराळा आस घालणारे लोक या बैठकी कापून पुन्हां वेल्ड करतात. त्या उष्णतेनें नळी वांकते, पिनियनचें तोंड वरखालीं होतें, आणि मग दांडा घरघरतो. मूळच्या जातीचा घेतला कीं हा सगळा त्रास वांचतो. यू-बोल्ट मात्र नवे घ्यावेत. ताणलेला जुना पुन्हां वापरूं नये. ब्रेकमधील हवा काढावी, भोपळ्यांत गिअरचें दाट तेल भोंकाच्या कांठापर्यंत भरावें, आणि नळीवरील हवेचें लहान भोंक मातीनें बुजलेलें नाहीं हें पाहावें. तें बुजलें कीं तापलेलें तेल सीलांतून वाट काढतें, आणि नव्या सीलाची निंदा होते.

राहतां राहिला प्रश्न मिळालेला आस खरोखर ४३ व ८ दांत्यांचा आहे कीं नाहीं याचा. भंगारवाला जें सांगेल तें खरें धरूं नये, आणि यासाठीं भोपळा उघडण्याचीही गरज नाहीं. भगिनींनीं स्वतः हें करून पाहावें. आस अंगणांत टेकूंवर आडवा ठेवावा. एका बाजूचा ड्रम मुलास घट्ट धरावयास सांगावें. दुसऱ्या ड्रमावर आणि पिनियनच्या तोंडावर खडूनें एकेक रेघ ओढावी. मग मोकळा ड्रम बरोबर दोन फेरे फिरवावा आणि पिनियनची रेघ किती फेरे घेते तें मोजावें. पांच फेरे पुरे होऊन वर तिसऱ्या हिश्शाहून थोडें अधिक आलें तर आस आपला. चार आणि किंचित आलें तर तो परत पाठवावा, भंगारवाल्यानें कितीही शपथा घेतल्या तरी. बसविल्यानंतर पहिले तीनशें किलोमीटर चिरंजीवांनीं गाडी एकट्यानें चालवावी, मग सगळे यू-बोल्ट आणि चाकांचे मोठे नट पुन्हां आवळावेत, पिना नव्या ओंवाव्यात. आजींची नांदेडची पाळी त्याच्या पुढच्या महिन्यांत धरावी, तोंवर एस. टी. आहे.